बाहेरून आलेला ताप: गोचिडीचा आजार ओळखताना कोणत्या क्रमानं जायचं

कारखान्याचा पट्टा पडला की बीड, जालना, परभणी, धाराशिवच्या वाड्या-तांड्यांवर ऊसतोडीची माणसं परत येतात. त्याच सुमाराला कुणी सिंधुदुर्गातल्या काजूच्या बागांतून मजुरी करून येतं, कुणी गोव्याहून, तर कुणी गुजरातहून. त्यातल्या काहींच्या अंगात ताप असतो. मग ठरलेली वाट सुरू होते. पहिल्या दिवशी विडाल (टायफॉइडची जुनी रक्ततपासणी), ‘टायफॉइडचे पॉइंट वाढलेत’ म्हणून तीन दिवस सलाईन आणि इंजेक्शन. पाचव्या दिवशी ‘पांढऱ्या पेशी’ कमी झाल्या म्हणून डेंग्यूची तपासणी, आठव्या दिवशी धाप लागली की शहरात रवानगी. गोचिडीचा विचार तिथं, अतिदक्षता विभागात, पहिल्यांदा होतो.

मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता क्रम लिहून काढणं भाग आहे. आरोग्य केंद्रातले डॉक्टर, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारे सहकारी, परिचारिका आणि प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ यांच्यासाठी हा लेख आहे. रुग्णाच्या घरच्यांनी तिसरी आणि चौथी पायरी जरूर वाचावी, कारण डॉक्टरला हवी असलेली माहिती त्यांच्याकडेच असते. औषधांचे डोस मात्र डॉक्टरांसाठी लिहिलेत, कुणी स्वतःच्या मनानं घेऊ नयेत.

पायरी १: रुग्ण येण्याआधीची तयारी

ताप असलेला माणूस समोर बसल्यावर शोधाशोध होते आणि नेमका पहिला नमुना हुकतो. म्हणून या गोष्टी टेबलाजवळ असू द्या: हातमोजे आणि मास्क, चांगल्या उजेडाची बॅटरी, जांभळ्या झाकणाच्या आणि साध्या अशा दोन्ही रक्तनळ्या, काचपट्ट्या, निर्जंतुक कोरडी छोटी बाटली, बारीक टोकाचा चिमटा, बर्फाची पेटी. डॉक्सीसायक्लिनच्या, म्हणजे यातल्या बऱ्याच आजारांवरच्या पहिल्या औषधाच्या, गोळ्या शिल्लक आहेत का, हे सोमवारीच बघा. जिल्हा रोग सर्वेक्षण कक्षाचा फोन नंबर भिंतीवर लावा. फोनमध्ये ठेवला तर रात्रपाळीच्या माणसाला तो सापडत नाही.

केसपेपरवर वरच्या कोपऱ्यात तीन रकाने आखून घ्या: ‘तिकडून निघाल्याची तारीख’, ‘तापाचा पहिला दिवस’, ‘नमुन्याची तारीख’. पुढं जे काही सांगणार आहे ते सगळं या तीन तारखांवर उभं आहे. तारखा चुकल्या तर चांगल्यातली चांगली तपासणी खोटं उत्तर देते, आणि ते उत्तर छापील असल्यामुळं आपण त्यावर विश्वास ठेवतो.

पायरी २: रक्त काढण्याआधी एक प्रश्न

सुई हातात घेण्याआधी विचारा: गेल्या दोन आठवड्यांत जनावरांच्या गोचिडी काढल्या का, बोटांनी चिरडल्या का, जनावर कापलं का, कच्च्या मांसाला किंवा रक्ताला हात लागला का? आणि सोबत बघा: हिरड्यांतून रक्त, नाकातून रक्त, काळी शी, त्वचेखाली मोठे काळे-निळे डाग.

दोन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तर हा क्रिमियन काँगो रक्तस्रावी ताप असू शकतो, आपण ज्याला नुसतं काँगो ताप म्हणतो तो. भारतात त्याची पहिली खात्रीशीर नोंद जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत, अहमदाबाद जिल्ह्यात झाली आणि तिथं रुग्णाबरोबर त्याची शुश्रूषा करणारेही दगावले. हा विषाणू रक्तातून माणसाकडून माणसाकडं जातो. जनावर मात्र आजारी दिसत नाही, म्हणून ‘आमची जनावरं ठणठणीत आहेत’ या उत्तरावर जाऊ नका. गोचीड चावल्यावर साधारण १ ते ३ दिवसांत आणि जास्तीत जास्त ९ दिवसांत ताप येतो. रक्ताशी संबंध आला असेल तर ५ ते ६ दिवसांत, जास्तीत जास्त १३ दिवसांत.

इराक, इराण, तुर्कस्तान, अफगाणिस्तान इथं हा आजार नेहमीचा आहे. आपल्याकडून अनेक कुटुंबं इराकला जियारतीला, म्हणजे धार्मिक यात्रेला जातात. तिकडून आलेल्या तापाच्या रुग्णाला हा प्रश्न न चुकता विचारा.

सावध: संशय असेल तर रुग्णाला वेगळ्या खोलीत घ्या, दुहेरी हातमोजे, मास्क, डोळ्यांवर चष्मा आणि गाऊन घाला, अनावश्यक सुया टोचू नका, आणि नमुना काढण्याआधी सर्वेक्षण कक्षाला फोन करा. असा नमुना तालुक्याच्या लॅबमध्ये साध्या सीबीसीसाठी (रक्तपेशींच्या मोजणीसाठी) पाठवणं म्हणजे तिथल्या तंत्रज्ञाला न सांगता धोक्यात ढकलणं आहे.

उत्तर ‘नाही’ असेल तर पुढं चला. हातमोजे तरीही घालाच.

पायरी ३: तीन तारखा आणि प्रवासाची चौकशी

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. दहा मिनिटं गेली तरी चालतील.

पहिली चूक प्रश्नातच होते. ‘गोचीड चावली होती का?’ असं विचारलं की बहुतेक जण नाही म्हणतात, आणि खरंच बोलतात. गोचिडीचा दंश दुखत नाही, तिची पिल्लं तिळाहून बारीक असतात, आणि बैलांच्या शेजारी झोपणाऱ्या माणसाला गोचीड ही सांगण्यासारखी गोष्टच वाटत नाही. म्हणून चावण्याबद्दल न विचारता राहण्याबद्दल विचारा: ‘मामा, तिकडं झोपायचात कुठं? कोपीत का गाडीखाली? बैलं किती लांब बांधायचात? मावशी, सरपणाला रानात कुठवर जायचात? कोपीपाशी कुत्रं होतं का? दुपारचं जेवायला बसायचात ते गवतात का बांधावर?’ या उत्तरांतून चित्र उभं राहतं.

मग तारखा. ‘आठ दिवस झाले’ हे उत्तर लिहून घेऊ नका. ‘बाजाराच्या दिवशी ताप होता का? पाडव्याला जेवण गेलं होतं का? ट्रॅक्टर गावात पोचला त्या रात्री अंग दुखत होतं का?’ असं सणाला, बाजाराला बांधून विचारलं की तारीख नेमकी सापडते. तापाचा पहिला दिवस म्हणजे अंग पहिल्यांदा गरम झालं तो दिवस, गोळी आणायला गेले तो नव्हे. या दोन्हींत बऱ्याचदा तीन दिवसांचं अंतर असतं, आणि तेवढ्यानं तपासणीची निवड बदलते.

आता ठिकाण आणि तारीख एकमेकांशी ताडून बघा.

सिंधुदुर्ग, त्यातही दोडामार्ग-सावंतवाडीचा पट्टा, गोव्यातली सत्तरी, कर्नाटकातला शिवमोगा आणि त्याच्या शेजारची जंगलं: इथून आलेल्याला डिसेंबर ते जून या काळात ताप आला तर माकडताप मनात ठेवा. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज हे त्याचं पुस्तकी नाव. १९५७ मध्ये शिवमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात तो ओळखला गेला, दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये त्याची साथ आली. गोचीड चावल्यापासून ३ ते ८ दिवसांत ताप येतो. काजूच्या बागेत पाला गोळा केला का, आसपास माकडं मेलेली दिसली का, हे दोन प्रश्न पुरेसे आहेत.

कुत्र्यांच्या, जनावरांच्या सहवासातून येणारा गोचीड ताप, म्हणजे इंडियन टिक टायफस: चावल्यानंतर बहुधा ५ ते ७ दिवसांत, पण २ ते १४ दिवसांपर्यंत कधीही. हा आजार देणारी तपकिरी गोचीड आपल्या गावातल्या कुत्र्यांवरही असते. त्यामुळं प्रवास सापडला नाही म्हणून हा आजार खोडता येत नाही. प्रवासातून आलेला रुग्ण घरच्या अंगणातल्या गोचिडीनंही आजारी पडू शकतो.

स्क्रब टायफस गोचिडीचा नाही, झुडपांत राहणाऱ्या अगदी बारीक लालसर किड्याच्या पिल्लांमुळं होतो. तरी तो या यादीत हवाच, कारण खाटेवर पडलेल्या रुग्णात दोघांतला फरक सहज कळत नाही आणि पहिलं औषधही एकच आहे. चावल्यापासून ६ ते २१ दिवस लागू शकतात. कोकण, सह्याद्री आणि विदर्भ, तिन्हीकडून आलेल्यांत तो भेटतो.

परदेशातून आलेल्यांचं थोडक्यात. दक्षिण आफ्रिकेत सफारी करून आलेला माणूस दहा दिवसांच्या आत तापानं आला आणि अंगावर एकाहून जास्त काळ्या खपल्या असतील तर आफ्रिकन टिक बाइट फीव्हर धरा. लातूर-नांदेडची कितीतरी मुलं अमेरिकेत शिकतात. ईशान्य अमेरिकेतून उन्हाळ्यात आलेल्याच्या अंगावर पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर लाइम हा आजार, आणि मलेरियासारखा ताप असेल तर बबेसिया आणि अॅनाप्लाझ्मा हे गोचिडीतून येणारे जंतू. मध्य युरोपातल्या जंगलांतून आलेल्याला एकदा ताप येऊन गेला, मधे बरा वाटला आणि पुन्हा ताप आणि डोकेदुखी सुरू झाली, तर गोचिडीमुळं होणारा मेंदूज्वर.

इथं थांबून तपासा: तापाचा पहिला दिवस आणि ‘तिकडून निघालो’ तो दिवस यांतलं अंतर मोजलं का? ते २१ दिवसांहून जास्त असेल तर तिकडचा गोचीड ताप, स्क्रब टायफस आणि माकडताप जवळजवळ बाद होतात आणि इथल्याच कारणांकडं वळायला हवं. ३ दिवसांहून कमी असेल तर लागण बहुधा तिकडची.

पायरी ४: कपडे बाजूला करून तपासणी

ही पायरी गाळली जाते, गर्दीमुळं आणि संकोचामुळं. स्त्री-रुग्णाची तपासणी परिचारिकेसोबत, आडोशाला, नीट समजावून करा, पण कराच. पाच दिवस टायफॉइडचे उपचार झालेल्या एका ऊसतोड बाईंच्या परकराच्या नाडीखाली मला काळी खपली सापडली होती. त्या तापानं तळमळत होत्या, आणि पाच दिवसांत कुणी परकराची गाठ सैल करून पाहिलं नव्हतं. मीही दुसऱ्या दिवशीच पाहिलं, पहिल्या दिवशी नाही. ते अजून टोचतं.

काय शोधायचं: काळसर वाळकी खपली, तांदळाच्या दाण्यापासून चवलीच्या जुन्या नाण्याएवढी, भोवती लालसर कडा. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्ण स्वतः सांगत नाही. सिगारेटच्या चटक्यासारखी दिसते. ओल्या जागी, म्हणजे काखेत किंवा जांघेत, खपली गळून नुसता उथळ व्रण उरतो आणि तो ‘खरूज’ म्हणून सोडून दिला जातो.

कुठं शोधायचं: काखा, जांघा, करदोट्याखाली, परकराच्या नाडीखाली, स्तनांखाली, बेंबीत, कानामागं, केसांत, मुलांच्या गुप्तांगाच्या त्वचेवर, मांडीच्या मागच्या बाजूला, पाठीवर. खपली सापडली की त्या भागातल्या गाठी चाचपा. जवळची गाठ सुजलेली असेल तर खपलीचा अर्थ आणखी पक्का होतो.

पुरळ: आपल्या सावळ्या कातडीवर लाल पुरळ समोरच्या उजेडात दिसत नाही. बॅटरी आडवी धरा, त्वचा ताणून बघा. तळहात आणि तळपाय न चुकता बघा, पायांची माती धुवायला लावून. तळहात-तळपायांपर्यंत गेलेलं पुरळ गोचीड तापाकडं जोरात बोट दाखवतं. लहान मुलांत हेच पुरळ काळं पडून बोटांची, कानाच्या पाळीची टोकं निर्जीव होऊ शकतात. तसं दिसलं की एक तासही घालवू नका.

आपल्याकडच्या गोचीड तापात खपली सापडतेच असं नाही, उलट पुष्कळदा नसते. स्क्रब टायफसमध्ये ती जास्त वेळा दिसते. त्यामुळं खपली सापडली तर मोठा पुरावा, पण नाही सापडली तर काहीच सिद्ध झालं नाही.

माकडतापात खपली नसते. एकाएकी भडकलेला ताप, कपाळात ठणका, कंबर-पोटऱ्यांचं असह्य दुखणं, लालबुंद डोळे, उलट्या, आणि कधी तोंडात टाळूवर बारीक फोड. डेंग्यूशी हे इतकं मिळतं की पायरी ३ मधलं गाव विचारलं नसेल तर माकडतापाचं नावही कुणाच्या तोंडी येत नाही.

गोचीड अजून चिकटलेली सापडली तर: रॉकेल ओतू नका, बिडीचा चटका देऊ नका, बोटांनी चिरडू नका. चिमट्यानं त्वचेच्या अगदी लगत धरून सरळ वर, न पिळता ओढा. जागा साबणानं धुवा. गोचीड बंद बाटलीत ठेवून तारीख लिहा. ती कुठल्या जातीची, हे नंतर उपयोगी पडतं, पण तिच्या तपासणीसाठी उपचार थांबवायचे नसतात.

पायरी ५: कोणत्या दिवशी कोणतं रक्त

आधी सगळ्यांसाठी समान तपासण्या: सीबीसी, मलेरियाची काचपट्टी आणि रॅपिड टेस्ट, यकृतासाठी एसजीओटी-एसजीपीटी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, लघवी. ताप पाच दिवसांच्या आतला असेल तर डेंग्यूचं एनएस-१ (विषाणूचंच प्रथिन शोधणारी तपासणी), नंतरचा असेल तर आयजीएम (आजाराविरुद्ध शरीरानं बनवलेल्या ताज्या प्रतिपिंडांची तपासणी). प्रवास कितीही बोलका असला तरी मलेरिया पहिल्या तासात तपासायचा, आणि पहिली पट्टी कोरी निघाली तर १२ ते २४ तासांच्या अंतरानं आणखी दोनदा. फॅल्सिपेरम, म्हणजे जीवघेणा मलेरिया, थांबायला वेळ देत नाही. पावसाळ्यात, पाण्यात काम केलेल्या माणसात लेप्टोस्पायरोसिसही मनात असू द्या.

मग गोचिडीच्या आजारांसाठी, तापाचा दिवस मोजून:

पहिला ते सातवा दिवस. या काळात शरीरात जंतू किंवा विषाणू असतो, पण प्रतिपिंड तयार झालेले नसतात. म्हणून पीसीआर, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी. गोचीड ताप आणि स्क्रब टायफससाठी जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त, आणि खपली असेल तर ती अलगद सोडवून कोरड्या निर्जंतुक बाटलीत. खपलीचा पीसीआर रक्ताहून भरवशाचा असतो. नमुना डॉक्सीच्या पहिल्या गोळीआधी घ्या. याचा अर्थ नमुना घेणारा तंत्रज्ञ उद्या येणार म्हणून गोळी उद्यावर ढकला असा नाही. रक्त तुम्ही स्वतः आत्ता काढा.

याच वेळी साध्या नळीत एक रक्तनमुना घेऊन सीरम (रक्त साकळल्यावर वर उरणारा द्रव) वेगळं करून थंड ठेवा. पहिला नमुना घेतला नसेल तर दोन आठवड्यांनी दुसरा घेऊन काही सिद्ध करता येत नाही.

पाचव्या-सातव्या दिवसापासून पुढं. आता आयजीएम एलायझा. तिसऱ्या दिवशी केलेला आयजीएम निगेटिव्ह आला म्हणून आजार नाही असं म्हणता येत नाही. माझ्याकडं आलेल्या कागदांत ही चूक सर्वांत जास्त दिसते: तपासणी बरोबर, दिवस चुकीचा, आणि निकालावर ‘वगळला’ असा शेरा.

माकडतापासाठी ताप आल्यापासून दहा दिवसांपर्यंत पीसीआर, आणि साधारण पाचव्या दिवसापासून आयजीएम. मधल्या दिवसांत दोन्ही पाठवा.

दोन ते चार आठवड्यांनी. दुसरं सीरम. पहिल्याच्या तुलनेत प्रतिपिंडांची पातळी चौपट वाढली तर निदान पक्कं. इम्युनोफ्लुओरेसन्स ही त्यासाठीची मान्य पद्धत आहे.

वेल-फेलिक्सबद्दल. छोट्या प्रयोगशाळांत हीच जुनी रक्ततपासणी मिळते, म्हणून ती टाकाऊ म्हणणार नाही. ओएक्स-१९ आणि ओएक्स-२ वाढले तर गोचीड तापाकडं, ओएक्स-के वाढलं तर स्क्रब टायफसकडं झुकतं. पण ती दुसऱ्या आठवड्यात उगवते आणि आजार असूनही बऱ्याचदा उगवत नाही. पॉझिटिव्ह आली तर आधार माना, निगेटिव्ह आली तर तिचा विचार सोडून द्या.

विडालबद्दल आणखी स्पष्ट बोलतो. आपल्या भागात टायफॉइड नेहमीचा आहे, अनेकांच्या रक्तात जुने प्रतिपिंड असतात. एका विडालवर टायफॉइड ठरवू नका. खरंच टायफॉइडचा संशय असेल तर अँटिबायोटिकच्या आधी रक्ताचं कल्चर पाठवा.

काचपट्टीबद्दल तंत्रज्ञाशी बोला. ‘एमपी’ एवढंच लिहून दिलं तर तो मलेरियाच शोधतो आणि तेवढंच कळवतो. अमेरिकेहून आलेल्या, प्लीहा काढलेल्या किंवा नुकतंच रक्त चढवलेल्या रुग्णात ‘बबेसिया पण बघा’ असं लिहा. बबेसिया कोवळ्या फॅल्सिपेरमच्या अंगठीसारखा दिसतो, पण त्यात मलेरियाचं तपकिरी रंगद्रव्य नसतं आणि कधी चार ठिपक्यांची फुली दिसते. उलटून उलटून येणाऱ्या तापात रक्त तापाच्या भरात काढायला सांगा. त्या वेळीच मळसूत्री जंतू पट्टीवर सापडतो.

लाइमचं पसरतं वर्तुळ स्वतःच निदान आहे. पहिल्या आठवड्यांत रक्ततपासणी निगेटिव्ह येऊ शकते, तिच्यासाठी थांबू नका. उलट, कधीही परदेशी न गेलेल्या माणसाच्या सांधेदुखीसाठी लाइमची तपासणी पाठवून आलेला पॉझिटिव्ह कागद बहुधा दिशाभूलच करतो.

इथं थांबून तपासा: प्लेटलेट कमी, यकृताची एन्झाइम वाढलेली, मलेरिया आणि एनएस-१ निगेटिव्ह, ताप पाच दिवसांचा. ‘व्हायरल असेल’ म्हणून घरी पाठवण्याआधी पायरी ४ पूर्ण केली होती का?

पायरी ६: अहवालाची वाट न पाहता औषध

गोचीड ताप किंवा स्क्रब टायफसचा वाजवी संशय आला की डॉक्सीसायक्लिन त्याच दिवशी सुरू करा. पीसीआरचा निकाल यायला दिवस लागतात, आयजीएमचा सरकारी वाटेनं आणखी. हे आजार पहिल्या आठवड्यात गोळ्यांनी बरे होतात, दुसऱ्या आठवड्यात फुप्फुस, मूत्रपिंड आणि मेंदूला धरतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांतही निकालासाठी थांबू नका असंच सांगितलंय.

४५ किलोपेक्षा जास्त वजनाच्या माणसाला १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, किमान ७ दिवस. त्याहून कमी वजनाच्या मुलांना दिवसाला किलोमागं ४.५ मिलिग्रॅम, दोन भागांत. ‘मुलांना डॉक्सी नको, दात पिवळे होतात’ ही भीती अजून ऐकतो. एवढ्या थोड्या दिवसांच्या उपचारानं दातांवर डाग पडत असल्याचं आढळलेलं नाही, आणि उशीर झाला तर मूल जातं. गरोदर बाईला अॅझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम रोज एकदा, ५ दिवस. उलट्या होत असतील किंवा अवयव निकामी होण्याची चिन्हं असतील तर शिरेतून डॉक्सी आणि मोठ्या रुग्णालयाची सोय.

गोळी जेवणानंतर, ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायला सांगा आणि अर्धा तास आडवं होऊ देऊ नका, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. दूध आणि अॅसिडिटीची औषधं त्याच वेळी नकोत. सल्फा गटाची औषधं टाळा, गोचीड तापात ती आजार वाढवतात.

सेफ्ट्रियाक्झोन या टायफॉइडच्या इंजेक्शनचा या जंतूंवर उपयोग नाही. ते चालू करून तिसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहण्यात अख्खा पहिला आठवडा निघून जातो. टायफॉइड नाकारता येत नसेल तर दोन्ही द्या.

विषाणूंवर डॉक्सी चालत नाही. माकडतापात सलाईन, रक्तदाब आणि रक्तस्रावावर लक्ष, तापासाठी पॅरासिटामॉल, इतकंच हाती असतं. अॅस्पिरिन, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन देऊ नका. स्नायूंच्या दुखण्यावर डायक्लोचं इंजेक्शन मारायची आपल्याकडं सवय आहे, ती इथं जिवावर बेतू शकते.

इथं थांबून तपासा: डॉक्सी सुरू केल्यापासून ४८ ते ७२ तासांत ताप उतरला का? उतरला तर निदानाला बळ मिळालं, गोळ्या पूर्ण करा. नाही उतरला तर डोस वाढवत बसू नका. पायरी २ आणि ३ पुन्हा करा, मलेरियाची पट्टी पुन्हा बघा, क्षयरोगाचा विचार करा.

पायरी ७: नमुना पाठवणं

गोचीड ताप आणि स्क्रब टायफसच्या आयजीएमसाठी आधी जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात फोन करा. छत्रपती संभाजीनगरची घाटी, नांदेड, लातूर, अंबाजोगाई, ज्याला जे जवळ. किट उपलब्ध आहे का आणि नमुना कोणत्या वारी घेतात, हे विचारल्याशिवाय रुग्णाच्या भावाला एसटीत बसवू नका. माकडताप आणि काँगो तापाचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत जातात, आणि ते आरोग्य यंत्रणेमार्फतच.

नळीवर नाव, वय आणि तारीख. सोबतच्या अर्जावर त्या तीन तारखा, प्रवासाचं ठिकाण तालुक्यासकट, आणि डॉक्सी कधी सुरू केली ते. ‘ताप, तपासणी करावी’ एवढ्या चिठ्ठीवर प्रयोगशाळा योग्य चाचणी निवडू शकत नाही. नमुना २ ते ८ अंश तापमानात, आतली नळी, तिच्याभोवती शोषून घेणारा कापूस आणि गळती न होणारा डबा, त्यावर कडक बाहेरचा डबा. बर्फ थेट नळीला लागू देऊ नका, रक्त गोठून फुटतं.

सावध: माकडताप किंवा काँगो तापाचा नमुना नातेवाइकाच्या हाती, पिशवीत, एसटीच्या पार्सलनं कधीही पाठवू नका.

पायरी ८: उतरलेल्या तापानंतर

माकडतापाचा सापळा इथं आहे. आठ-दहा दिवसांनी ताप जातो, माणूस कामाला लागतो, आणि दहा ते वीस टक्के रुग्णांत तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला ताप परत येतो, या वेळी डोकेदुखी, ताठ मान, भ्रम, थरथर घेऊन. म्हणून जंगलपट्ट्यातून आलेल्या संशयित रुग्णाला महिनाभर नजरेखाली ठेवा आणि ही लक्षणं घरच्यांना तोंडी सांगा, एकदा त्यांच्याकडून वदवून घ्या.

काँगो तापाच्या रुग्णाच्या घरच्यांचा आणि शुश्रूषा केलेल्या कर्मचाऱ्यांचा ताप शेवटच्या संपर्कापासून १४ दिवस रोज मोजायचा. आणि रुग्ण ज्या टोळीत होता, त्या टोळीतल्या इतर जोड्यांना फोन करा. एकाच कोपीत, त्याच बैलांजवळ राहिलेले आणखी दोघे दुसऱ्याच तालुक्यात ‘टायफॉइड’ म्हणून पडलेले मला सापडले आहेत.

दुसऱ्या सीरमला रुग्ण बहुतेकदा येत नाही. बरं वाटल्यावर मजुरी बुडवून ऐंशी किलोमीटर कोण येणार? म्हणून तारीख आपल्या सोयीची न देता त्याच्या गावच्या बाजाराच्या दिवशीची द्या, नमुना त्याच्याच उपकेंद्रात घ्यायची व्यवस्था आशाताईंशी बोलून ठेवा, आणि घरी जाताना दिलेल्या चिठ्ठीवर ती तारीख मोठ्या अक्षरात लिहा. रुग्णाचा फोन बंद असतो, म्हणून केसपेपरवर त्याच्या मुकादमाचाही नंबर घ्या.